किसनभाऊंना लिहिलेलं पत्र

१२ जानेवारी २०२५, रविवार

सत्तावीस मार्चला अर्जुनरावांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतील. त्या दिवशी गौरवग्रंथ काढायचा, असं काल मंडळाच्या बैठकीत ठरलं. ग्रंथातला पत्रव्यवहाराचा भाग मी करायचा. हे कुणी सुचवलंही नाही, सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

बरोबरच आहे. 'भोंगा नाट्यमंडळ' सेहेचाळीस वर्षांचं. अर्जुनराव त्याचे मालक, दिग्दर्शक आणि मुख्य नट. त्यातली तेहतीस वर्षं मंडळाची सगळी पत्रं मी लिहिली. शाळेत मराठी शिकवायची आणि संध्याकाळी तालमीला जाऊन प्रॉम्प्टिंग करायचं, पत्रं लिहायची. अर्जुनराव सांगायचे, मी लिहायची, ते सही करायचे. पुढे पुढे ते सांगायच्या आधीच माझं लिहून झालेलं असायचं. प्रत्येक पत्राची एक प्रत आणि आलेलं उत्तर, असं सालवार लावून ठेवलंय.

आज दिवसभर वाचत बसले. मजा आली. चाकणच्या कंपन्यांच्या मॅनेजरांना किती अर्ज केले होते, अमक्याला तालमीपुरती पहिली पाळी द्यावी म्हणून. एका नटाच्या बायकोचं पत्र सापडलं: 'आमच्या ह्यांना परत राजाचं काम देऊ नये, घरीपण तसेच वागतात.' हे ग्रंथात घ्यायचंच.

२००९ ची फाईल उघडली नाही. ते साल वगळलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

दुपारी खाली टपाल आणायला गेले. एक जाड पाकीट होतं. एक्स-रेवाल्याचं जुनं पाकीट उलटं करून खळीनं चिकटवलेलं. माझं नाव छापील अक्षरं काढतात तसं एकेक अक्षर तोडून लिहिलेलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

आत एका पत्राची झेरॉक्स.

'श्री. किसन सोनकांबळे यांस, सप्रेम जय भीम. चि. कुलदीपच्या अपघातानं आम्ही सगळेच हादरून गेलो आहोत. परांचीची वरची फळी तपासायची राहिली होती, म्हणून आज वर चढू नकोस असं मी त्याला तीन वेळा बजावलं होतं. तरुण रक्त, त्यानं ऐकलं नाही. आता त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. या कठीण काळात मंडळ तुमच्या पाठीशी आहे.'

खाली अर्जुनरावांची सही. अक्षर माझं.

तिथे जिन्यातच बसले. वॉचमननं विचारलं, बाई, चक्कर आली का.

कुलदीप तेव्हा चोवीस वर्षांचा होता. चाकणला प्रेस शॉपमध्ये ठेक्यावर होता, दापोडीला आईबापांकडे राहायचा. असा आवाज मंडळात पुन्हा आला नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये दापोडीच्या हॉलमध्ये तालीम चालू असताना, नाटकातला कारखान्याचा भोंगा वाजवायला परांचीवर चढलेला तो अठरा फुटांवरून पडला. जिवंत राहिला, पण कमरेखालचं सगळं गेलं. मी विंगेत पुस्तक घेऊन उभी होते, मला सगळं दिसत होतं. पत्रात आहे तसं ते घडलं नव्हतं. अर्जुनरावांनी सांगितलं तसं मी लिहिलं.

हे पत्र सोनकांबळ्यांच्या घरी गेलं होतं. म्हणजे पाकीट त्यांच्याकडूनच आलंय. त्यांना काहीतरी कळलंय. पण अक्षर माझं आहे हे कसं कळलं? आणि माझा पत्ता?

२१ जानेवारी, मंगळवार

चार दिवस धीर झाला नाही. आज अर्जुनरावांकडे चिंचवडला गेले.

ऑगस्टमध्ये त्यांना झटका येऊन गेला तेव्हापासून ते कमी बोलतात. गॅलरीत बसले होते. मंजुळावहिनी जमिनीवर पसारा मांडून वर्तमानपत्रातली जुनी कात्रणं वहीत चिकटवत होत्या. शेजारी मैद्याची शिजवलेली खळ वाटीत. मी म्हटलं, वहिनी, गोंदाची बाटली आणून देऊ का. त्या म्हणाल्या, "नको गं, खळीनं चिकटवलेलं निघत नाही."

मी पाकीट अर्जुनरावांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"कुणी पाठवलं असेल?" मी विचारलं.

"छाप," ते म्हणाले.

"काय?"

"ग्रंथात. छाप हे पत्र."

मला वाटलं चेष्टा करतायत. तोंडावर तसं काही नव्हतं. वहिनी उठल्या आणि खळीचे हात तसेच घेऊन आत गेल्या. मी म्हटलं, अहो, भलतंच काय, अशी पत्रं छापतात का, उद्या पोलिसांत कुणी गेलं तर. मी डोळे वर केले की ते खाली बघायचे.

बसमध्ये विचार करत आले. छाप म्हणजे काय? अक्षर माझं आहे, सगळ्या मंडळाला ते ओळखू येतं. उद्या विचारलं तर ते म्हणतील, मी फक्त सही केली, लिहिलं विजूनं. मला पुढे करून ते मोकळे होणार आहेत का? तेहतीस वर्षांनी?

२८ जानेवारी, मंगळवार

हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला खरं वाटणार नाही.

सकाळी अकराच्या सुमारास भांडी लावत होते. खालून कुलदीपचा आवाज आला. अगदी स्पष्ट. त्याचा 'र' जिभेवर जरा रेंगाळतो, तो दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. कुणालातरी हाका मारत होता. हातातलं ताट पडलं.

गॅलरीत गेले. गल्लीत एक भंगारवाल्याचा टेम्पो हळूहळू चालला होता, बाकी कुणी नाही. टेम्पो वळेपर्यंत आवाज येत राहिला, मग बंद झाला. काय म्हणत होता ते ऐकायचंही भान राहिलं नव्हतं.

समोरच्या घरातल्या स्वरूपाला विचारलं, आत्ता कुणी हाका मारत होतं का? ती म्हणाली, "नाही हो बाई. भंगारवाला गेला फक्त."

दाराला आतून कडी घालून बसले आहे. भर दुपारी.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मंजुळावहिनी आल्या होत्या. तिळगूळ द्यायला म्हणून चिंचवडहून दोन बस बदलून दिघीला. या वयात कशाला एवढा त्रास घेतलात, म्हटलं. नुसत्या हसल्या. अर्धा तास बसल्या, बोलल्या मात्र काहीच नाहीत. एकदा म्हणाल्या, "विजू, तुला झोप लागते का गं?" मी म्हटलं, लागते. माझा चेहरा बघून विचारलं असेल. माझे गुडघे धरलेत म्हणून खाली सोडायला गेले नाही.

तासाभरानं खाली गेले तर पेटीत दुसरं पाकीट. तसंच उलटं केलेलं, खळीनं चिकटवलेलं. त्याच्यावर तिकीट नाही, शिक्का नाही. कुणीतरी स्वतः येऊन टाकून गेलं. वॉचमन म्हणतो, वहिनींशिवाय बाहेरचं कुणीच आलं नाही. तो अर्धा वेळ मोबाइलमध्ये असतो, त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा.

आत किसन सोनकांबळ्यांचं उत्तर. मूळ पत्र, वहीचा फाडलेला कागद. हे मी आधी कधीच पाहिलं नव्हतं.

'आदरनीय अर्जुनराव साहेब यांना किसनचा जय भीम. तुमचं पत्र भेटलं. पोरीनं वाचून दाखवलं, हे बी तीच लिवते. तुमी तीन येळा सांगून बी त्यानं ऐकलं न्हाई ह्याचं लई वाईट वाटलं. ल्हानपनापासून हेकट हाय. त्याच्यापायी तुमचं नाटक बंद पडलं, माफी असावी. तो शुद्धीवर आल्यावर मी त्याच्यासमोर ते पत्र परत वाचून घेतलं. आता तो बी काय बोलत न्हाई.'

तीनचार वेळा वाचलं. पाणी प्यायले. परत वाचलं.

हे पत्र अर्जुनरावांच्या घरी आलेलं असणार. मग त्यांच्या घरातून बाहेर कसं गेलं? कुणी चोरलं? सोनकांबळ्यांच्या माणसांचा त्या घरात शिरकाव कसा झाला? काही म्हणजे काही कळत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एका अनोळखी नंबरवरून तीन फोन. उचलले नाहीत. दूधवाल्याला दार न उघडता पिशवी अडकवायला सांगितली. ग्रंथाचं काम ठप्प आहे. मला ताप आलाय असं प्रेसवाल्याला कळवलं.

आता असं बसून राहण्यापेक्षा सोनकांबळ्यांना एकदा भेटून विचारावं, काय पाहिजे तुम्हाला. पण गेले आणि त्यांनी मला कोंडून घातलं तर? मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, एकटी.

९ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आले.

पत्ता धम्मरत्नकडून घेतला. तो मंडळाचा प्रकाशयोजनेचा माणूस, कुलदीपच्या बरोबरीचा. पत्ता देताना म्हणाला, "ताई, सोळा वर्षांत मंडळातून पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय."

मारुंजीला आयटीतल्या मुलांनी भरलेली एक चार मजली इमारत. तळमजल्याला मागच्या बाजूला दोन खोल्या. दार त्याच्या बहिणीनं उघडलं. साक्षी. आता अठ्ठावीसची असेल, कॉल सेंटरला आहे. तिनं मला ओळखलं नाही, पण आतून आवाज आला.

"विजूताई? या ना, या. साक्षे, ती खुर्ची दे."

खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. केस पांढरे व्हायला लागलेत. पुढ्यात माइक, त्याला पायमोजा घातलेला. मी त्याकडे बघतेय असं पाहून हसला. म्हणाला, "धंदा आहे माझा. भंगारवाले, भाजीवाले, गादीवाले, सगळ्यांच्या जाहिराती मी रेकॉर्ड करून देतो. निवडणुकीत तर सगळ्याच पक्षांच्या. दिघीला पण फिरत असेल माझा आवाज."

"फिरतो," मी म्हटलं. एवढंच तोंडातून निघालं.

मग त्यानं साक्षीला चहा टाकायला सांगितलं आणि म्हणाला, "ताई, बरं झालं आलात. तुमची सगळ्यांची माफी मागायची राहिली होती."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"खरंच सांगतो. तीनदा सांगितलं होतं मला त्यांनी. मी ऐकलं नाही. माझ्यापायी चालू नाटक बंद पडलं. मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही हो. हॉलच्या पायऱ्या चढलेलं आठवतं, मग एकदम हॉस्पिटलचा पंखा. मधलं सगळं गेलं. बाबांनी पत्र वाचून घेतलं तेव्हा कळलं मी काय केलं ते."

"बाबा कुठे आहेत?"

"सहा वर्षं झाली जाऊन. शेवटपर्यंत माझं सगळं त्यांनीच केलं. उचलणं, बसवणं, सगळं. पण रोज एकदा म्हणायचेच, सांगितलेलं ऐकलं असतंस तर."

साक्षी चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "ते पत्र मीच वाचलं होतं. बारा वर्षांची होते मी. इतकं सुंदर अक्षर होतं, मी ते समोर ठेवून तसं अक्षर काढायला शिकले. अजून आहे कपाटात."

अजून आहे. अजून ते खरं मानतात. म्हणजे पाकिटं यांनी पाठवलेली नाहीत. यांना काहीच माहीत नाही.

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले. बस चुकेल म्हटलं. कुलदीप म्हणाला, अर्जुनरावांना माझा नमस्कार सांगा. रस्त्यावर आल्यावर जवळजवळ पळतच सुटले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काही लिहवत नाही. आज गल्लीत त्याचा आवाज दोनदा आला. जुनी बॅटरी, जुना पंखा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिसरं पाकीट. टपालानं.

एकच कागद, मधोमध एका रेघेनं खोडलेला. अक्षर अर्जुनरावांचं.

'किसनभाऊ, हे लिहायला मला चार दिवस लागले. कुलदीप तिसरी पाळी करून आणि वर चार तास ओव्हरटाइम करून तालमीला आला होता. मला म्हणाला, आज वर चढायला नको, डोळे मिटतायत. दोनदा म्हणाला. मी म्हणालो, चढ, भोंगा वरूनच वाजला पाहिजे. फळी मी तपासली नव्हती. पोराचा काहीही दोष नाही. दोष माझा आहे. तुम्ही न्याल तिथे मी यायला तयार आहे.'

आणि बाजूच्या समासात, वह्या तपासतात त्या लाल शाईनं: 'असं पाठवायचं नाही. मंडळ बुडेल, तुम्हाला अटक होईल. मी नीट लिहून आणते. तुम्ही सही तेवढी करा. वि.'

लाल शाई माझी. वि. म्हणजे मी.

दुपारपासून ओट्याजवळ उभी होते. आता बसून लिहिते, सरळ लिहिते.

त्या दिवशी मी विंगेतून सगळं ऐकलं होतं. कुलदीप 'नको' म्हणाला तेव्हा अर्जुनरावांनी एकदा माझ्याकडे बघितलं होतं. मी पुस्तकात डोळे घातले. चार दिवसांनी त्यांनी हा कागद माझ्या हातात दिला, तेव्हा ते रडत होते. मी घरी गेले आणि एका बैठकीत दुसरं पत्र लिहून काढलं. मला ते लिहायला अवघड गेलं नाही. 'दोनदा'चं 'तीन वेळा' मी केलं. 'नको' कुलदीपच्या तोंडातून काढलं आणि अर्जुनरावांच्या तोंडी घातलं. त्यांनी सही केली तेव्हा म्हणाले होते, विजू, हे बरं नाही. मी म्हटलं, मंडळ जगायला पाहिजे.

आणि नंतर मी स्वतःला सांगत राहिले, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. इतक्यांदा सांगितलं की महिन्याभरापूर्वी याच वहीत तसंच लिहिलंय. उलटून पाहिलं. सोळा जानेवारी. कुणासमोर खोटं बोलत होते मी? ही वही तर दुसरं कुणी वाचतही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

चिंचवडला गेले. दार वहिनींनी उघडलं. मी तिन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. त्यांनी बघितलंही नाही, म्हणाल्या, "मी टाकली. बस."

मी उभीच राहिले. "यांनी सांगितलं?"

"नाही. यांच्या कपाटातनं मी काढली, तुझ्या पत्राची झेरॉक्सपण तिथेच होती. किसनभाऊंचं उत्तर आलं ना, त्या दिवसापासून हे त्या कपाटाला हात लावत नाहीत. तुला दाखवायचं धाडस झालं नाही त्यांना. झटका आला तेव्हा अॅम्ब्युलन्समध्ये काय म्हणत होते माहीत आहे? दोनदा म्हणाला होता, दोनदा म्हणाला होता. डॉक्टरांना वाटलं बरळतायत."

"मग मला सरळ सांगायचं ना वहिनी. मी महिनाभर मेले भीतीनं."

"मीही घाबरते तुला," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि हे तर जास्तच. तुझ्यापुढे यांचं कधी काही चाललंय का? 'छाप' म्हणाले ना तुला? तेवढं म्हणायला यांना दहा दिवस लागले होते. पहिलं पाकीट मी आधी त्यांना दाखवलं होतं. तू एका वाक्यात उडवून लावलंस."

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. अर्जुनराव पलंगावर बसलेले दिसत होते. आमचं सगळं त्यांना ऐकू जात होतं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा, आणि माझ्याकडे बघून त्यानं चादर ओढून घेतली.

माझ्याकडे असं बघतात लोक? मला वाटायचं मी त्यांच्या सावलीत राहते.

दारात जाऊन म्हटलं, "मी सांगणार आहे कुलदीपला. आधी मी एकटी जाते."

त्यांनी मान हलवली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काय काय होऊ शकतं याची मनाशी यादी केली. साक्षी पोलिसांत जाईल. जुन्या शाळेत कळेल. मंडळातली पोरं दारात उभी करणार नाहीत. पेपरात येईल. यातलं सगळं झालं तरी चालेल असं म्हणून बघितलं. म्हणता येत नाही. भीती वाटतेच.

एक पत्र लिहून न्यावं असं वाटलं. चार ओळी लिहिल्या, इतक्या छान उतरल्या की घाबरून फाडून टाकल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

काही लिहून न नेता गेले. फक्त तो खोडलेला कागद घेतला, त्याची झेरॉक्स घरी ठेवली.

साक्षीनं दार उघडलं. मी बसले नाही. कुलदीपला म्हटलं, "तू हट्ट केला नव्हतास. तू नको म्हणाला होतास. अर्जुनरावांनी तुला चढायला लावलं. ते पत्र खोटं होतं, आणि ते मी लिहिलं होतं."

कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचायला फार वेळ घेतला. समासातली लाल अक्षरंही वाचली. मग बहिणीकडे दिला.

"किती वेळा म्हणालो?" त्यानं विचारलं.

"काय?"

"नको म्हणून."

"दोनदा."

"मोठ्यानं?"

"पहिल्यांदा हळू. दुसऱ्यांदा सगळ्यांना ऐकू गेलं."

"साक्षे, ऐकलंस? मी नको म्हणालो होतो."

साक्षी भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी किसनभाऊंचा फोटो होता. ती वळली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. "रोज," ती म्हणाली. "रोज बोलायचे त्याला. याला उचलताना पाठीत उसण भरायची त्यांच्या, आणि बोलायचे. आणि हा ऐकून घ्यायचा. दहा वर्षं. तुम्ही एकदा, एकदा यायचं होतं हो बाई. बाबा असताना."

मी म्हटलं, "मला भीती वाटली."

"आणि आता नाही वाटत?"

"वाटते."

ती कपाटाकडे गेली. माझं पत्र काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं. मला वाटलं फाडते आता. तिनं ते माझ्या हातात कोंबलं. "घेऊन जा. हे अक्षर नको मला घरात. माझं आता कसं बदलू ते मात्र सांगा."

कुलदीप खिडकीबाहेर बघत होता. रडत नव्हता. मी निघाले तेव्हा म्हणाला, "जाताना दार लावून घ्या." एवढंच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस फोन हातातच धरून बसले होते. आज दुपारी साक्षीचा आला. आवाज कोरडा. "दादा म्हणतोय, रविवारी त्या माणसाला घेऊन या."

"का?"

"मला नाही सांगितलं."

फोन ठेवल्यावर अर्जुनरावांना कळवलं. ते इतकंच म्हणाले, "कोणता शर्ट घालू?"

२ मार्च, रविवार

धम्मरत्ननं गाडी आणली. अर्जुनराव पुढे, मी आणि वहिनी मागे. भूमकर चौकात गाडी अर्धा तास अडकली, तेवढ्या वेळात अर्जुनरावांनी दोनदा विचारलं, काय बोलायचं विजू? सवयीनं माझ्या डोक्यात वाक्यं तयार होती. सांगितली नाहीत. म्हटलं, तुम्ही बघा.

आत गेल्यावर ते काठी टेकत कुलदीपच्या समोर जाऊन उभे राहिले. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी खाली बसायला लागले, पाया पडायला. कुलदीपनं खुर्ची झटकन मागे घेतली.

"ते नको," तो म्हणाला. "उठा. धम्मा, उठव त्यांना."

अर्जुनराव पलंगाच्या कडेवर बसले. म्हणाले, "तू दोनदा म्हणालास. मी ऐकलं होतं."

"माहीत आहे आता."

"पोलिसांत जायचं असेल तर मी येतो."

"ते साक्षी ठरवेल. तिचं तिनं वकिलाला विचारलंय. मी तुम्हाला माफ करीन असं धरून चालू नका, मला अजून माहीत नाही." मग तो माझ्याकडे वळला. "सत्तावीस तारखेला कार्यक्रम आहे ना?"

"रद्द करतोय," मी घाईघाईनं म्हटलं. "प्रेसला कळवते उद्याच."

"रद्द करायचा नाही. सगळी जुनी माणसं येतील ना? दापोडीची, चाकणची, बाबांच्या ओळखीची? करा. मला स्टेजवर घ्यायची सोय करा. मी बोलणार आहे."

अर्जुनराव लगेच म्हणाले, "हो." माझ्याकडे न बघता म्हणाले.

वहिनींनी विचारलं, "चहा टाकू का मी?" साक्षी म्हणाली, नको. मग थोड्या वेळानं स्वतःच आत गेली आणि चार कप चहा घेऊन आली. मला दिला नाही. मी मागितला नाही.

घरी आल्यावर प्रेसला फोन करून सांगितलं, ग्रंथात २००९ चंही साल घ्यायचं आहे, तिन्ही पत्रं, समासासकट. नंतर कार्यक्रमपत्रिका काढली आणि वक्त्यांत कुलदीपचं नाव घातलं. सगळ्यात शेवटी घातलं होतं, ते खोडून अर्जुनरावांच्या आधी घातलं.

पंचवीस दिवस आहेत. तो काय बोलणार आहे ते त्यानं सांगितलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कुणाचं बोलणं मी आधी वाचलेलं नाही, असं तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच होतंय.